खालची डावी सहावी

एकोणीस वर्षं मी मेणाचे दात कोरले,
ब्रॅडफर्डच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलावर.
मग एका सोमवारी पांढरं कपाट आलं,
पाच अक्षांचं, काचेच्या दाराचं.
त्याने रात्रभरात चाळीस दाढा काढल्या
आणि सकाळी हिरवा दिवा लावून गप्प बसलं.
मॅनेजरने मला केक दिला. गाजराचा.

आमची गाडी त्याच आठवड्यात
गॅरेजमधून रस्त्यावर गेली.
हेरंब म्हणाला, सूड म्हणून कुणी यंत्र बांधतं का?
मी म्हटलं, बघू या.

कीथली. इंग्रजीत लिहिताना घशात अडकणारं गाव,
देवनागरीत कसं सुटसुटीत.
उतारावर दगडी घरांच्या रांगा,
भिंतीपलीकडे व्हर्नन बूथ,
ज्याने लेथच्या कारखान्यात
लोखंड सपाट करण्यात हयात घालवली.
कारखान्याच्या जागी आता सुपरमार्केट आहे.
चहाचा कप धरतानाही त्याचे हात थरथरतात.
नजर नाही थरथरत.

तो स्टुलावर बसून सांगतो, मी करते.
निळा रंग लाव, बोटाने, काजळाइतकाच.
ग्रॅनाइटवर पालथं घाल. उचल.
जिथे निळं लागलं तिथे उंचवटा.
तेवढाच खरवड.
पुन्हा लाव. पुन्हा उचल.
ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला,
कणकेत माझी निळसर बोटं उमटली,
हेरंब काही न बोलता पोळ्या खात राहिला.
सपाट असं काही नसतंच, व्हर्नन म्हणतो.
सपाट म्हणजे माणूस जिथे कंटाळून थांबला ती जागा.

एक्स, वाय, झेड ही सरळ माणसं.
सांगितलं तेवढं जातात, सांगितलं की परत येतात.
ए मात्र डोलतो, सी गरगरतो.
लीड्सच्या भंगारातल्या एका रोबोच्या
मनगटातून काढलेला गिअर
दोन महिने त्यांच्यात मध्यस्थी करत होता.
माझ्या आजोळचा सुतार सुतात मोजायचा:
अर्धं सूत इकडे, पाव सूत तिकडे, दार लागलं की झालं.
माझ्या डायलवर एका सुताचे
तीनशेसतरा भाग होतात,
आणि दार कुठलंच लागत नाही.

जानेवारीत कळलं,
ए आणि सी एकमेकांना छेदत नाहीत.
छेदायला हवेत, हवेतल्याच एका बिंदूत.
चार शतांश मिलिमीटरची चुकामूक.
मी पाना आपटला, शिवी मराठीत दिली.
व्हर्ननने अर्थ विचारला नाही.
मोजलंस ना, म्हणाला, मग लिहून टाक.
फाइलीत एक ओळ वाढली: शून्य पॉइंट शून्य चार.
त्या रात्रीपासून यंत्र
आपली चूक धरूनच हिशेब करतं.
मला अजून ते जमलेलं नाही.

व्हर्ननची खालची डावी सहावी नाही.
कुठल्याशा संपात पडली, की पाडली,
कथा दर वेळी वेगळी.
स्वयंपाकघरात त्याच्या जबड्याचं माप घेतलं,
मेणाचा ठोकळा पकडीत आवळला,
हीटर बंद केला, श्वास जवळजवळ बंद केला.
बावन्न मिनिटं.
ए डोलला, सी गरगरला,
हिरव्या मेणाचा भुगा स्वेटरच्या बाहीवर बसत गेला.

दाढ बरोबर होती. सगळीकडून बरोबर,
म्हणजे कुणाचीच नव्हती.
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एवढी धारदार टोकं
कुणाच्या तोंडात असतात?
फडताळातून जुनी सुरी काढली,
स्पिरिटचा दिवा लावला,
आणि एकेक टोक उतरवत गेले,
त्याने चावलेल्या वर्षांच्या अंदाजाने.

स्टुलावरून तो वाकून बघत होता.
जन्मभर उंचवटे खरवडलेला माणूस,
पहिल्यांदाच घाईने म्हणाला,
बास, बास. थोडे राहू दे.
चावायचंय मला.