खरं

आमच्याकडं 'पण' म्हणत नाहीत कोणी,
'खरं' म्हणतात.
येतो की, खरं उशीर होईल.
पैसे हाईत, खरं घरात हाईत.
तसंच नर्मदाक्का काउंटरला कोपर टेकून म्हणाली,
'झोप लागती, खरं...'
आणि मी पुढचं न ऐकता पट्टी कापली.

वडगावात आमचं मेडिकल.
लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात,
आणि माणसं उगीचच हळू बोलायला लागतात.
अशाच एका दुपारी ती पहिल्यांदा आली.
कमरेच्या ऑपरेशनची चिठ्ठी,
दोन गोळ्या, पाच दिवस.

चिठ्ठी घडीवर फाटली
तेव्हा लॅमिनेशन करून आणली तिनं,
आधार कार्डासारखी जपून.
मी हसलो होतो.
तारीख नेमकी घडीवर होती, ती झिजून गेली होती.
ती नाही म्हणून
मला जरा बरंच वाटलं होतं.

चार वर्षं.
कमरेची दिवसा, झोपेची रात्री,
मग रात्रीचीच दिवसा.
साडीचे काठ वाकडे यायला लागले.
तुटलेला धागा सांधताना बोटं भलतीकडंच जायची.
एका महिन्यात सात साड्या परत आल्या.
मी एकदा 'आता नको' म्हणालो,
तर तिनं शिनोळीची बस धरली.
हद्दीपलीकडं दुसरं राज्य, दुसरं मेडिकल,
तिथल्या वहीत तिचं नाव कोरं.
चौथ्या दिवशी इथं परत आली. मी दिली.
गिऱ्हाईक जातंय, हे मनात आलं नव्हतं
असं म्हणणार नाही.

मग तिची लेक वैजू आली, बिस्किटाचा डबा घेऊन.
काउंटरवर पालथा केला.
रिकाम्या पट्ट्या. चंदगडच्या, शिनोळीच्या,
आणि बाकीच्या
डाव्या कडेला तिरक्या कापलेल्या.
माझी कात्री तिरकी कापते.
वैजू काहीच बोलली नाही. मोजायलाही लावलं नाही.

सिव्हिलमध्ये डॉक्टर कोरीशेट्टी बाईंनी कन्नडात विचारलं,
अक्कानं मराठीत सांगितलं,
मध्ये वैजू, आणि तिच्याही मध्ये मी, मान खाली घालून.
बाईंनी कागदावर गोळी काढली, भाकरीएवढी.
मग अर्धी. मग चतकोर.
एकदम सोडायची नाही, म्हणाल्या, फिट येते.
आणि माझ्याकडं बघून:
रोजची रोज द्या. पट्टी हातात नको.

तेव्हापासून सकाळी दुकान उघडलं की
पहिलं काम ब्लेडचं.
छोटी पुडी, वर तारीख, माझी सही.
दुसऱ्या आठवड्यात ती भिंत धरून आली,
घामानं पोलकं भिजलेलं.
'पायात माग चालायलाय रे,' म्हणाली,
'साकु आता. मी मरतो बघ.'
मी फोन लावला. बाई म्हणाल्या,
आठवडाभर आहे तिथंच थांबा, मागं जाऊ नका.
चतकोराची पूड ब्लेडला चिकटलेली,
ती बघत होती तिच्याकडं. मीही.

हे सगळं संपलं असं नाही.
श्रावणात एकदा शिनोळीला गेली होती,
तिनंच येऊन सांगितलं.
बाई रागावल्या नाहीत, फक्त कागदावर
पुन्हा अर्धी गोळी काढली.

काल आली. कोपर टेकून म्हणाली,
'झोप लागत नाही, खरं...'
हात सवयीनं ड्रॉवरकडं गेला.
मग मी कात्री ठेवून दिली आणि थांबलो.
बराच वेळ गेला. समोरून एक टेम्पो गेला.
'खरं पाटं नळाला पाणी आलेलं ऐकू येतंय,' म्हणाली.
'चार वर्षं वैजूच भरायची. मला वाटायचं,
आमच्या गल्लीत पाणी येतच नाही.'

ती गेली.
तिच्या मागं एक पोरगा उभा, मिसरूड फुटलेला.
खोकल्याचं औषध, तेच, ह्या आठवड्यात तिसरी बाटली.
'चिठ्ठी?'
'हाय की, खरं...'

मी स्टूल पुढं सरकवलं.