थाप

भांडी बाजाराच्या चढावर टाऊन हॉल.
कागदावर टाऊन हॉल, रिक्षावाल्याच्या तोंडी टौनाल.
"तिथला खैरनार लई थापा मारतो,"
सुटे परत देताना तो म्हणाला.

मी भेगा मोजायला आले होते.
पिशवीत लेझरचं यंत्र, खडू, पाव किलोची हातोडी
आणि एक छापील तक्ता,
ज्याचा शेवटचा, सगळ्यात अरुंद रकाना: शेरा.

रंगनाथ खैरनारने किल्ली बाहेर काढली,
पण आधी दारावर तीन थापा मारल्या.
मी विचारलं, आत कोण आहे?
"कोणी नाही.
असलंच तर आवरून घेईल ना, मॅडम."

आत पारवे.
मोडक्या मतपेट्यांची उतरंड,
कुणा नगराध्यक्षांचं तैलचित्र, ज्यात आता फक्त मिशा,
चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं घड्याळ.
"पाणी शिरलं ती वेळ," तो म्हणाला.
चार पावलांनंतर म्हणाला,
"नाहीतर चावी देणारा वारला ती.
दोन्ही सांगतात."

खांबावर तीन रेघा:
एक गेरूची, एक डांबराची, एक खिळ्याने ओढलेली.
तिन्हींचा पूर एकच.
साल विचारलं तर त्याने हवेतच हात हलवला.
"आमच्याकडं पाणी दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात.
गुडघे, कंबर, छाती.
गळ्याला लागलं तेव्हा माणसं इकडं चढली.
आता तो गळा या खांबावर कुठं येतो,
ते ज्याची त्याची भीती."

माझा लाल ठिपका खांबावरून सरकत खाली आला,
गाळाच्या जुन्या डागावर टेकला.
एक मीटर बेचाळीस.
तिन्ही रेघांच्या खाली.
मी आकडा लिहिला,
त्याला वाचून दाखवला नाही.

मग भिंती.
गिलावा ठोकून ऐकायचा असतो.
धरून असेल तर टक्क,
सुटला असेल तर डब्ब,
आणि डब्ब तिथे खडूची फुली.
खैरनार मागोमाग, माझ्या फुल्यांना नावं देत:
इथं भुयार, थेट काळ्या रामापर्यंत.
कोणी गेलंय?
"गेलेला सांगायला कशाला येईल?"
इथं तो कारकून,
जन्ममृत्यूची वही डोक्यावर घेऊन तीन रात्री उभा.
वही कोरडी राहिली.
त्याचं पुढं काय झालं, ते तिच्यात नाही.

रंगमंचाच्या कडेला मी हातोडी उचलली.
"तिथं हळू," तो म्हणाला.
"दुसऱ्या रात्री पडद्याआड एक बाई बाळंत झाली.
कारकुनानं वही डोक्यावरून उतरवली ती तेवढ्यापुरती.
मुलगी. कागदावर गोदावरी,
गल्लीत जन्मभर टौनाबाई."

ही तरी खरी का?
मी हसतच विचारलं.

त्याने खालच्या फळीवरची पारव्यांची घाण
चपलेच्या टोकाने बाजूला सारली.
"खरं-खोटं मला कसं कळणार.
मी तिच्या हातचं खाऊन वाढलो.
माय होती माझी."

हातोडी माझ्या हातात तशीच.
मग काही सुचेना म्हणून मी मंच मोजला.
साडेपंधरा फूट बाय नऊ.
तो यंत्राच्या काचेत डोकावला,
"नऊच का? ती तर बारा सांगायची."
मी बारा लिहिले नाहीत.
नऊही खोडून पुन्हा लिहिले, विनाकारण.

साडेपाचला निघाले, चढ उतरून खाली आले,
तांबटांची ठोकाठोक ऐकली
आणि आठवलं, हातोडी मंचावरच राहिली.
खैरनार नळावर पाय धूत होता.
त्याने तिथूनच किल्ली फेकली.

दारापाशी पोचले.
दिवसभर ही इमारत ठोकली होती मी,
पायथ्यापासून कमानीपर्यंत,
टक्क आणि डब्ब, टक्क आणि डब्ब.
किल्ली कुलुपात घातली.
पुन्हा काढली.
मागे वळून पाहिलं, तो टाच घासण्यात गुंग.
बोटांच्या पेरांनी तीनदा, हलकेच.

थांबले.
दार उघडलं तेव्हा वर तुळयांवर
पारव्यांची आवराआवर अजून चालूच होती.