लाटीपाडा, तिसरा दिवस

"वारा नही शे," किटलीवाला भिकन म्हणाला,
पंचांच्याही आधी.
पाणी परातीत ओतल्यासारखं.
बावीस शिडं काठावर
बिबड्यांसारखी वाळत पडलेली.

परवा मी सातवी. काल अकरावी.
तळहातांच्या फोडांवर चिकटपट्टी.
पुण्याची मुलगी घड्याळात वारा शोधते,
गोव्याचा पोरगा फळीखाली झोपलाय.

मी बघते ब्राह्मणवेलचं पठार.
तिथल्या पवनचक्क्यांवर अण्णा चढायचे
ग्रीसचा डबा कमरेला बांधून.
"तिसरी फिरली, की शंभर मोज."

दोन फिरताहेत.
तिसरी जराशी हलली, थांबली,

आणि मी फळी पाण्यात ढकलते.
अजून भोंगा नाही! पंच ओरडतात.
माहीत आहे.
एकाहत्तर. बहात्तर.
मागे भिकन
कपांवर ताट झाकतो.