अरिमथाईकर

सप्टेंबरात शाळेच्या जिममध्ये क्लबांची जत्रा भरते.
विणकामवाल्या मुली लोकरीचे गुंडे मांडून,
रोझरीवाल्या डोनट मांडून,
सहा जणी, त्यातल्या दोघी डोनटपुरत्या.
गरिबांसाठी घेवड्याचे डबे जमवणाऱ्यांकडे तक्ता :
नववी पुढे, अकरावी मागे,
जिंकेल त्या वर्गाला पिझ्झा.
आणि कोपऱ्यात, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी,
एका टेबलावर नुसते पांढरे सुती हातमोजे.

जॅसिंताने तिथे नाव घातलं.
घरी येऊन म्हणाली, ममी, जोसेफ ऑफ अरिमथिया.
म्हणजे आपला अरिमथाईकर योसेफ!
मला हसूच आलं.
लहानपणी वसईच्या देवळात तो मला
आगाशीकर, निर्मळकर यांच्यातलाच वाटायचा,
एसटीने दोन थांबे पलीकडचा कुणी भला माणूस,
स्वतःसाठी खोदून घेतलेली कबर
ज्याने दुसऱ्याला देऊन टाकली.

ईरी गावात ज्याचं कुणी नाही असा माणूस गेला
की काउंटीचा फोन शाळेत येतो.
सहा मुली भूगोलाचा तास सोडून निघतात.
सराव होतो जिमच्या लांब बाकावर,
वर तेच घेवड्याचे डबे रचून.
एकदा मक्याचा डबा घरंगळत पार दारापर्यंत गेला,
पोरी खिदळल्या.
केमिस्ट्रीच्या मिसेस ओडॉउड म्हणाल्या,
हसा, इथेच हसून घ्या.

बायकांनी खांदा द्यायचा? नवऱ्याने विचारलं.
खांदा नसतो पप्पा, कड्या असतात.
त्यावर त्याला काही सुचलं नाही.
मोजे धुण्याचं काम मी मागून घेतलं.
रेडिएटरवर बारा मोजे
वलांडीवरच्या बोंबलांसारखे ओळीने सुकायचे.

फेब्रुवारीत तळ्यावरून बर्फ आला तो थांबेचना.
एकीला ताप. जॅसिंताचा फोन :
ममी, पाचच जणी आहोत.
मी होते तशी निघाले,
स्वयंपाकघरातल्या बुटांत.
व्हॅनमध्ये मुली काउंटीचा कागद धरून बसलेल्या.
लिओनर्ड प्शिबिल्स्की. वय अंदाजे सत्तर.
नाव नीट घेता आलंच पाहिजे, हा क्लबचा नियम,
कारण आज ते घेणारं दुसरं कुणी येणार नाही.
प्शि, प्शि, सगळ्या जणी,
जशी मांजर बोलावतायत.

माझ्या बापाला भावांनी नेलं.
मी मागून चालले, हातात मेणबत्ती,
ती वाऱ्याने तीनदा विझली
आणि तीनदा कुणीतरी पेटवून दिली, कोण ते आठवत नाही.
त्याचं वजन मला ठाऊक नाही.

या माणसाचं ठाऊक आहे.
डब्यांच्या बाकापेक्षा तो हलका होता.
कडी इतकी गार की मोज्यातून बोटांना कळावी.
मोजा सोळा वर्षांच्या हाताचा,
अंगठ्याशी टरकन उसवला.
पुढे जॅसिंता. मान न वळवता म्हणाली,
ममी, पाय जुळव.
मी जुळवला.

फादरांचे शब्द वारा घेऊन गेला.
मग मुलींनी नाव घेतलं, एका दमात,
मधल्या अक्षरावर जराशा अडखळून.
परतताना व्हॅनमध्ये चिप्सचं पाकीट फिरलं,
गणिताच्या चाचणीवरून वाद झाला,
अकरावीने पिझ्झा कसा लबाडीने जिंकला
ते मला दोनदा ऐकावं लागलं.

रात्री मोजे धुतले. उसवलेला बाजूला ठेवला,
वाळल्यावर शिवायला घेतला.
टाका घालताना मी नाव म्हणून बघत होते.
प्शि. प्शिबि.
जॅसिंता अभ्यासावरून उठून आली,
दारात उभी राहून म्हणाली, नाही, परत.
चौथ्या टाक्याला जमलं.