चालता दाब

पहाटे पावणेपाच. औसा रोड.
मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर
मी मीटरसमोर उकिडवा,
दातांत टॉर्च, मुठीत घड्याळ.

कालच शेषाबाईंनी गेटपाशी गाठलं होतं :
"चौथ्या मजल्याला पाणी गारच येलालंय, दादा.
परीक्षा तोंडावर, अन् पोरी शिंकलाल्यात.
तेवढा स्क्रू पिळून द्या की, झालं."

स्क्रू पिळायला अर्धं मिनिट लागतं.
न पिळायला शिकलो, त्याला अकरा वर्षं लागली.

पिशवीतून नळी काढतो. मन्मथप्पांची.
सलाइनची नळी वाकवून फळीला तारेनं बांधलेली,
मधोमध शाळेची पट्टी,
पोटात दोन घोट पाणी, लाल शाई टाकलेलं.
शहराला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षीसुद्धा
त्यांनी ही नळी कोरडी पडू दिली नाही.
गल्लीत घागरींची रांग,
आणि हा माणूस प्यायच्या बाटलीतलं पाणी
नळीत ओततोय!
बायको भांडायची. ते म्हणायचे,
"गॅसला तोंड नसतं, भागीरथे.
पाण्याबिगर त्यानं बोलावं कसं?"

टोक जोडलं. सगळं बंद.
एकीकडचं पाणी दबलं, दुसरीकडचं चढलं,
मधलं अंतर तीनशे दहा मिलिमीटर,
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखं ताठ.
हा उभा दाब.
कुणी काही मागत नाही
तोवर सगळ्यांचाच चांगला असतो.
अप्पा हे गॅसबद्दलच म्हणायचे का,
मी कधी विचारलं नाही.

मग गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला.
आत ठिणगी, भप्प, निळ्या ज्योतींची ओळ.
लाल पाणी दोनशे ऐंशीवर उतरलं, थांबलं.
मीटरचा आकडा लिहिला. दोन मिनिटं धरली.
पुन्हा आकडा. वजाबाकी. गुणिले तीस.
बॉयलरच्या पत्र्यावर कोरलेल्या आकड्याशी जुळलं.
मशीन निर्दोष. मग पाणी गार कशानं?

नळी काढली नाही. बसून राहिलो.
डिसेंबरची गच्ची, पायाखाली फरशी बर्फ.

पाच वाजून सात मिनिटांनी
खाली भटारखान्याचं शटर खडखडलं
आणि डोळ्यांदेखत पाणी घसरलं,
दोनशे चाळीस,
दोनशे,
एकशे साठ.
तळातून कुणीतरी श्वास ओढून घ्यावा तसं.
वर बॉयलरच्या ज्योती बसक्या झाल्या.

खाली गेलो. दोन भट्ट्या भडकलेल्या,
कढईत पोहे, आणि झाऱ्यामागं तस्लीम,
वरच्या पोरींच्याच वयाची.
"पंधरा दिस झाले, बॅच सहाची केली त्यांनी.
आधी सातला पेटवायची मी.
माझं काय चुकलं का?"

नाही. कुणाचंच नाही.
एकच पाऊण इंची नळी
पोहेही शिजवतेय आणि आंघोळीही घालतेय.
एकेकट्याला पुरते,
सगळे एकदम जागे झाले की नाही.

"तुझ्या खोलीत येतं का गरम पाणी?"
ती हसली. "जिन्याखाली नळच नाही.
अन् मला कशाला, मी भट्टीपाशीच असते की."

कपात अद्रकाचा चहा, मांडीवर वही.
उभा तीनशे दहा. चालता दोनशे ऐंशी.
सगळे चालू असताना एकशे साठ.
गच्चीला इंचाची वेगळी लाइन टाकणे.
स्क्रूला हात लावलेला नाही.

नळीला दोन्हीकडून बुचं लावली.
पाणी सांडता कामा नये.

अंदाजपत्रकात शेवटी एक ओळ वाढवली :
जिन्याखालची खोली, गरम पाण्याचा नळ, एक.
कुणी सांगितलं नव्हतं.
शेषाबाई खोडतील बहुतेक.
म्हणून शाईनं लिहिलीय,
लाल.