आठ टक्के

बाटली मी साकोलीच्या बसस्टँडसमोर घेतली.
पंच्याऐंशी रुपये. सुटे नव्हते म्हणून
दुकानदारानं पाच चॉकलेटं हातावर ठेवली.
पुढच्या बाजूला लाल जिभेचा अजगर,
मागे मुंगीएवढी अक्षरं.
पोरीकडून वाचून घेतली :
पाणी, साखर, मिरची आठ टक्के,
मग आम्लं, मग नुसते आकडे, मग रंग.
'आठ? नीट पाह्य वं.'
'आठच हाय, माय.'

आठ टक्के तर माझ्या नखात असते.

पौष सरता सरता मी सातऱ्यावर बसते ते चैतापर्यंत.
डोळा पोचेल तिथवर लाल,
आणि त्या लालात आम्ही, तोंडाला फडके बांधून,
अंगठा नि बोट, टक्, टक्,
देठांचा ढीग वेगळा, फुटक्यांचा वेगळा,
पांढऱ्या पडल्या त्यांचा कोणी हिशेब करत नाही.
घरी आलं की हात ताकात बुडवून ठेवायचे.
पोरगी लहान होती तेव्हा
तिचे डोळे मी कोपरानं पुसायची.

यांगझोम यायची गोठणगावच्या कॅम्पातून,
थंडीभर भंडाऱ्याला स्वेटर विकून झाले की.
लोक नेपाळीण म्हणायचे.
पहिली दोन वर्षं तिनं सगळ्यांना दुरुस्त केलं,
मग सोडून दिलं.
दहा किलो घ्यायची, पण काट्यावरचं पोतं नको,
आमच्या ढिगातून, एकेक मिरची कानाशी हलवून.
बी वाजलं तर घेतली, नाही वाजलं तर परत.
शेठ म्हणायचा, 'मिरची घेऊन राह्यली का घुंगरू?'

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिनं डबीचं झाकण उघडलं.
लाल, ओलं, लसणाचं, टमाट्याचं,
आणि मागून एक चव, आमच्या गावात नसलेली,
जिभेला झिणझिण्या आणून पळून जाणारी.
'सेपेन,' ती म्हणाली.
'ठेचाच हाय मंग.'
'ठेचा नाही. ठेच्याला घाई असते.'

मिरची कोमट पाण्यात भिजव, रात्रभर नको, फुगेपर्यंत.
बी अर्धं काढ, अर्धं राहू दे.
वाट. मंद आचेवर ठेव.
तेल कडेला येईल. तेव्हा उतरवायचं नाही.
अजून थोडं थांबायचं.
हे 'अजून थोडं' तिनं कधी मिनिटांत सांगितलं नाही.

मी आपलं माझं केलं :
जवसाचं तेल, आंबटाला चिंच,
आणि साखरेऐवजी मोहाची वाळली फुलं, भाजून, कुटून.
पुढच्या वर्षी तिला चाखवलं.
तोंड वाकडं केलं तिनं.
मग दुसऱ्यांदा बोट बुडवलं.

तीन हंगाम झाले, आली नाही.
लेकाकडे बेल्जियमला गेली म्हणतात.
तिथल्या बाजारात कोणी तिला
मिरची कानाशी नेऊ देते का, कोण जाणे.

आता बचत गटाचा स्टॉल असतो तहसिलीत.
साहेब म्हणाले, 'मावशी, शेजवान लिहा, हातोहात खपेल.'
शहरातल्या बाया चमचा चाटून विचारतात, 'फार तिखट नाही ना?'
मी म्हणते, 'हाय.'
म्हणून ही अजगराची बाटली आणली,
पाहावं म्हटलं लोक पंच्याऐंशी रुपये कशाचे देतात.

बशीत काढली. चकाकते.
गोड. मग आंबट. मग पुन्हा गोड.
मिरचीची वाट पाहत बसले,
पाहुणा येतो म्हणून अंगण झाडून बसावं तशी.

पोरगी लेबलं लिहायला बसली आहे.
'नाव काय लिहू?'
सेपेन लिही.
'कोणाले समजन?'
मग खाली लहान अक्षरात लिही, मोहाची मिरची.
'आन् टक्के?'
मी हातातली मिरची कानाशी नेली.
वाजली.
'टक्के राहू दे,' म्हटलं.

अजगराची बाटली चार दिवसांत संपली.
पोरीनं पोळीला लावून खाल्ली.
तिला आवडली.
हे मी गटात कोणाला सांगितलं नाही.
बाटली उकळून धुतली, उन्हात पालथी घातली,
तरी झाकणाचा व्हिनेगरचा वास
अजून जात नाही.