कूस

दीडशेत एक, म्हणाले डॉक्टर.
पंचवीसचा एक कट्टा, म्हणजे सहा कट्ट्यांत एक.
निपाणीत माझी बोटं रोज चाळीस कट्टे वळतात
आणि सांजेला चेकर सूप पालथं करून
छाट तेवढी बाजूला टाकतो,
तोंडानं काही न बोलता.
दीडशेत एकच गेली
तर आम्ही त्याला चांगला दिवस म्हणतो.

हे कुणाला सांगितलं नाही.

वंटमुरीच्या घाटात कल्लाप्पानं खिडकी ओढून घेतली.
‘वारं लागंल,’ म्हणाला.
कुणाला, ते म्हणाला नाही.

डॉक्टरांना विचारायचं होतं एक,
विचारलं दुसरंच :
तंबाखूनं झालं का हो?
त्यांनी चष्मा काढला. ‘नाही.’
मग जरा थांबून पुन्हा, ‘नाही.’
ते दुसरं नाही मी पदराला बांधून घेतलं.

कागद कन्नडमध्ये होता.
सही कुठं करायची तेवढं कळलं.
मुलगा की मुलगी सांगणार नाही, हे मात्र
भिंतीवर दोन्ही भाषांत.
मला ते नकोच होतं.
आतल्या अंधारात सुई आलेली
त्याला कळते का, एवढंच हवं होतं.

नीलव्वा नर्सचे हात गार, जेलीहून गार.
‘नीर तगीतार, अष्ट.’
पाणी काढतात, बस एवढंच.
मग पडद्याकडं बघत : ‘कूस चलो ऐति.’
माझी कूस? मी विचारलं.
ती हसली.
त्यांच्यात कूस म्हणजे बाळ.
आमच्यात, बाळ राहतं ती जागा.

चार चमचे पाणी निघालं,
वाळल्या गवताच्या रंगाचं.
पडद्यावर त्यानं पाय आखडून घेतला
तेव्हा रडले. दुखलं म्हणून नाही.
बाहेर पुढचं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं,
नीलव्वानं माझा हात सोडला नाही.

निकालाला तीन आठवडे.
जड उचलायचं नाही, वाकायचं नाही,
म्हणून कल्लाप्पा माझं सूप घेऊन बसतो.
काल त्यानं एक कट्टा वळला,
निम्म्याहून जास्त छाट.
आम्ही दोघं हसलो
आणि मग एकदम गप्प झालो.

झोप नाही. दिवस मोजायचे नाहीत असं ठरवून
सोळा मोजले.
रात्री मी कूस बदलते.
जरा वेळानं
आत, कूसही.